बेघरांचा अभ्यास : मोजणी आणि विचारपूस

(पंचायत सदस्य, प्राथमिक शिक्षक व तालुका पातळीवरील कर्मचारी यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)



‘बेघरांच्या अभ्यासातील संख्यात्मक व गुणात्मक संशोधनपद्धतींची तुलना’ असे आजच्या विषयाचे नाव आहे. नाव जड असले तरी त्यातील विचार आपल्या नित्याच्या व्यवहारातला आहे. ज्यांना राहावयास घर नाही अशी माणसे किती आहेत, हे मोजून काढणे ही एक रीत झाली. ही माणसे कोण, ती कशी राहतात, त्यांचे घर कशामुळे सुटले, हे त्यांच्याजवळ बसून समजून घेणे ही दुसरी रीत होय. पहिलीला आपण मोजणी म्हणू आणि दुसरीला विचारपूस म्हणू.

हा विषय केवळ विद्यापीठातील पंडितांचा आहे, असा समज कृपया कोणी करून घेऊ नये. जनगणनेच्या वेळी प्रगणक म्हणून घरोघर जाणाऱ्यांत शिक्षकांची संख्या फार मोठी असते. घरकुलांची यादी ग्रामसभेत वाचली जाते, तेव्हा तिच्यावर हरकत घेण्याचा किंवा मान डोलावण्याचा अधिकार ग्रामस्थांचा असतो. निवारागृह कोठे बांधावे, किती खाटांचे बांधावे, याचा प्रस्ताव अधिकाऱ्यांच्या लेखणीतून जातो. ज्याची नोंदच झाली नाही, त्याच्या वाट्याला निवारा येत नाही. ज्याची नोंद झाली, परंतु अडचण कोणी विचारली नाही, त्याच्यासाठी मांडलेली खाट रिकामी राहते आणि तो माणूस रस्त्यावरच झोपतो. या दोन्ही गोष्टी टाळावयाच्या असतील, तर दोन्ही रीतींचे बळ आणि उणेपण आपणांस ठाऊक असले पाहिजे.

संख्येचे बळ

प्रथम मोजणीचा विचार करू. आपल्या देशात बेघरांची सर्वांत मोठी मोजणी जनगणनेतच होते. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री देशभर बेघरांची नोंद करण्यात आली. रस्त्याच्या कडेला, पदपथावर, सिमेंटच्या मोठ्या नळांत, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, देवळांच्या आवारात, मंडपांत अथवा रेल्वेच्या फलाटावर उघड्यावर राहणारी कुटुंबे ती बेघर कुटुंबे, अशी व्याख्या त्यासाठी योजण्यात आली होती. या नोंदीनुसार देशात सुमारे १७ लाख ७३ हजार माणसे बेघर होती. २००१ मध्ये हीच संख्या सुमारे १९ लाख ४४ हजार होती.

एकूण आकडा घटला, हे वाचून समाधान वाटावे हे स्वाभाविक आहे. परंतु आकड्यांची फोड केली म्हणजे निराळे चित्र दिसते. ग्रामीण भागातील बेघरांची संख्या सुमारे ११ लाख ६० हजारांवरून ८ लाख ३४ हजारांवर आली. उलट नागरी भागातील संख्या सुमारे ७ लाख ७८ हजारांवरून ९ लाख ३८ हजारांवर गेली. खेड्यातील आकडा उतरला आणि शहरातील चढला. एकेका माणसाशी कितीही वेळ बोलत बसलो असतो, तरी हा देशव्यापी पालट आपल्या ध्यानात आला नसता. येथे मोजणीलाच पर्याय नाही.

दुसरे उदाहरण आपल्या जवळचे घेऊ. २०११ मध्ये उत्तर प्रदेशात सुमारे ३ लाख २९ हजार बेघर नोंदले गेले आणि राज्यांमध्ये ही संख्या सर्वांत मोठी होती. महाराष्ट्रात सुमारे २ लाख ११ हजार, मध्य प्रदेशात १ लाख ४६ हजार, गुजरातेत १ लाख ४४ हजार, कर्नाटकात सुमारे ७७ हजार आणि गोव्यात सुमारे ३ हजार. ही रांग पाहून गोव्यापुढे हा प्रश्न जवळजवळ नाहीच, असे कोणीही म्हणेल. आता तीच संख्या लोकसंख्येशी ताडून पाहा. देशात दर १० हजार माणसांमागे सुमारे १५ बेघर होते. उत्तर प्रदेशात सुमारे १६, महाराष्ट्रात १९, गुजरातेत २४ आणि गोव्यात सुमारे २१. म्हणजे लहानशा गोव्यातील प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा अधिक होते. ज्या शिक्षकांनी शाळेत टक्केवारी शिकविली आहे, त्यांना हे नव्याने सांगावयास नको; परंतु कचेऱ्यांतून नुसत्या बेरजेवर निर्णय झाल्याची उदाहरणे कमी नाहीत.

संख्यात्मक पद्धतीचे सामर्थ्य हे असे आहे. ती एका प्रदेशाची दुसऱ्याशी तुलना करू देते, काळाच्या ओघात झालेला बदल दाखविते, आणि अंदाजपत्रकात मांडता येईल असा आधार देते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये शहरांतील दर एक लाख लोकसंख्येमागे किमान एक निवारागृह असावे आणि ते चोवीस तास खुले राहावे, असे आदेश दिले. पुढे २०१३ मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाखाली नागरी बेघरांसाठी निवाऱ्याची योजना आखण्यात आली. तीत दर लाखामागे शंभर माणसांची सोय आणि प्रत्येक माणसाला किमान ५० चौरस फूट जागा, असे मान धरलेले होते. हे सारे मान संख्येशिवाय ठरविता आले नसते.

कोणाला बेघर म्हणावे?

परंतु मोजण्यापूर्वी एक पायरी असते. काय मोजावयाचे हे आधी ठरवावे लागते. धान्य मोजताना पायली कोणती घ्यावयाची, हे जसे आधी ठरते, तसेच हे आहे. पायली बदलली की माप बदलते.

दिल्ली शहराचेच पाहा. २००० साली ‘आश्रय अधिकार अभियान’ या संस्थेने रात्री फिरून केलेल्या मोजणीत ५२ हजार ७६५ बेघर आढळले. २०११ च्या जनगणनेत ही संख्या सुमारे ४७ हजार होती. त्यानंतर २०१४ मध्ये दिल्लीच्या शासकीय निवारा मंडळाच्या पाहणीत १६ हजार ७६० माणसे मोजली गेली. तीन वर्षांत दोन तृतीयांश बेघरांना घरे मिळाली, असे यावरून कोणी म्हणू लागेल तर ते साहसाचे ठरेल. निरनिराळ्या मोजण्यांची व्याख्या, वेळ, ऋतू आणि मोजणारी माणसे सारखी नसतील, तर आकडे शेजारी शेजारी मांडता येतात, पण त्यांची वजाबाकी करता येत नाही.

व्याख्येची ही अडचण आपल्याही अंगणात आहे. मराठवाड्यातून ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि बेळगावच्या बाजूला जाणारी कुटुंबे कारखान्याच्या हंगामात कोपीत राहतात. गावी त्यांचे घर असते, त्याला कुलूप असते. आणि पाचट-बांबूची कोपी ही पाच-सहा महिन्यांची वस्ती असते. जनगणना फेब्रुवारीत होते आणि तेव्हा हंगाम चालू असतो. हे कुटुंब बेघर म्हणावे काय? आपल्या किनाऱ्यावर ट्रॉलरवर काम करणारे परप्रांतीय खलाशी कित्येकदा रात्रीही ट्रॉलरवरच झोपतात. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस मासेमारी बंद असते, तेव्हा त्यांतील बरेच जण गावी जातात. फेब्रुवारीतील धक्का आणि जुलैतील धक्का यांची मोजणी सारखी येणार नाही.

त्याहून अवघड प्रश्न आहे तो छप्पर असूनही घर नसलेल्यांचा. नवऱ्याच्या मृत्यूनंतर दिरांनी बाहेर काढलेली बाई भावाच्या पडवीत अंग टाकते. तिच्या डोक्यावर कौले आहेत, म्हणून ती बेघरांच्या यादीत येत नाही. परंतु भावजयीचा शब्द फिरला की दुसऱ्या दिवशी ती रस्त्यावर येते. गोव्यातील मुंडकार पिढ्यान्‌पिढ्या भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहत आला. १९७५ च्या मुंडकार संरक्षण कायद्याने त्याला घरातून काढण्यास प्रतिबंध झाला, तो काही त्याला घर नव्हते म्हणून नव्हे. घर होते, पण पायाखालची जमीन त्याची नव्हती म्हणून. निवारा असणे आणि निवाऱ्याची शाश्वती असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे या भूमीतील लोकांना समजावून सांगावे लागत नाही. जनगणनेच्या कोष्टकात मात्र त्यांपैकी पहिलीच दिसते.

तात्पर्य, कोणाला मोजावयाचे हे ठरविण्यासाठीच आधी लोकांचे जगणे जवळून पाहावे लागते. म्हणजे मोजणीच्या दारात उभे राहताच आपल्याला विचारपुशीची गरज लागते.

एक रात्र आणि एक वर्ष

मोजणीची आणखी एक मर्यादा आहे. ती चटकन लक्षात येत नाही, म्हणून थोडे गणित करू. समजा, एक निवारागृह १० खाटांचे आहे आणि ते रोज भरलेले असते. त्यांतील ५ खाटांवर तीच ५ माणसे वर्षभर राहतात. उरलेल्या ५ खाटांवर दर पंधरवड्याला नवी माणसे येतात. कोणत्याही एका रात्री मोजणी केली, तर १० माणसे मिळतील आणि त्यांत निम्मी कायमची दिसतील. आता वर्षाचा हिशेब करा. कायमची ५ आणि वर्षाच्या २४ पंधरवड्यांत येऊन गेलेली १२०, अशी एकंदर १२५ माणसे त्या छपराखाली राहून गेली. त्यांत कायमची म्हणाल तर शंभरात अवघी ४. एका रात्रीच्या मोजणीने ‘निम्मे बेघर कायमचे असतात’ असे सांगितले. वर्षाच्या नोंदवहीने ‘बहुतेक बेघर थोड्या दिवसांचे असतात’ असे सांगितले. दोन्ही विधाने खरी आहेत. परंतु प्रत्येकीवरून निघणारे धोरण वेगळे आहे.

हे केवळ कल्पनेतील उदाहरण नव्हे. अमेरिकेत रँडल कून आणि डेनिस कल्हेन या अभ्यासकांनी न्यूयॉर्क शहरातील निवारागृहांच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासून १९९८ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत असे दिसून आले की, एकटे राहणाऱ्या बेघरांपैकी सुमारे ८० टक्के अल्पकाळ येऊन जाणारे होते. १० टक्के पुनःपुन्हा येणारे होते. आणि उरलेले सुमारे १० टक्के दीर्घकाळ राहणारे होते. मात्र या शेवटच्या १० टक्क्यांनीच निवाऱ्यातील एकूण दिवसांपैकी जवळजवळ निम्मे दिवस व्यापले होते. यावरून तेथील धोरणकर्त्यांना एक दिशा मिळाली. या थोड्या लोकांना थेट कायमचे घर व सोबतीला औषधोपचार दिले, तर निवाऱ्यावरील मोठा भार हलका होतो. निवारागृहाची साधी हजेरीवही नीट ठेवल्यास काय साधते, याचा हा उत्तम दाखला आहे. आपल्याकडे अशी वही ठेवणाऱ्या लिपिकाचे काम कंटाळवाणे वाटते. पण त्या वहीत धोरण दडलेले असते.

मोजणाऱ्यांची परीक्षा

रात्री झोपलेल्या माणसाला शोधणे सोपे नसते. पोलिसांच्या भयाने काही जण अंधारात सरकतात. एकट्या स्त्रिया सुरक्षिततेसाठी मुद्दाम दृष्टीआड झोपतात, आणि जी दृष्टीआड झोपण्यात यशस्वी होते, तीच मोजणीतून निसटते. मग गणकाच्या हातून किती सुटले, हे कळावे कसे?

यासाठी योजलेली एक युक्ती ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेच्या १९९० च्या जनगणनेत २० व २१ मार्चच्या रात्री बेघरांची खास मोजणी झाली. तेव्हा न्यूयॉर्क, शिकागो, लॉस एंजल्स यांसह काही शहरांत निरीक्षकांना बेघरांमध्येच नेऊन बसविण्यात आले. गणक येतात का, येऊन नोंद करतात का, हे त्यांनी पाहावयाचे. दुसऱ्या दिवशी त्यांतील पुष्कळांनी, आमच्याकडे कोणी फिरकलेच नाही, असे सांगितले. ही युक्ती आकड्यांतही वापरता येते. समजा, आपण २० माणसे अशी बसविली आणि त्यांतील १५ नोंदली गेली. म्हणजे चारांपैकी तीनच सापडतात. मग बाकीची मोजणी ३०० आली असेल, तर खरी संख्या ४०० च्या आसपास असावी असे अनुमान काढता येते. लोकांत जाऊन बसणे हे विचारपुशीचे साधन. त्याने येथे मोजणीची चूक दुरुस्त केली.

विचारपूस म्हणजे गप्पा नव्हेत

आता दुसऱ्या रीतीकडे वळू. तिच्याविषयी दोन प्रकारचे गैरसमज आढळतात. काहींना वाटते, मुलाखती आणि निरीक्षणे म्हणजे वर्तमानपत्री हकिगती. त्यांना शास्त्र कसे म्हणावे? उलट काहींना वाटते, एका दुःखी माणसाची कहाणी सांगितली की सारे सत्य हाती आले. दोन्ही मते टोकाची आहेत.

गुणात्मक संशोधनालाही शिस्त असते. संशोधक एकाच प्रकारच्या माणसांकडे जात नाही. पुरुष, स्त्रिया, वृद्ध, मुले, नवे आलेले, जुने राहिलेले अशा सर्वांकडे जातो. नवीन काही ऐकू येणे थांबेपर्यंत मुलाखती चालू ठेवतो. एकाने सांगितलेले दुसऱ्या मार्गाने पडताळतो. आणि आपल्या अनुमानाच्या विरुद्ध जाणारे उदाहरण मिळाले, तर ते झाकून न ठेवता मुद्दाम पुढे मांडतो.

इलियट लिबो या मानववंशशास्त्रज्ञाचे काम या बाबतीत नमुनेदार मानले जाते. वॉशिंग्टनजवळच्या स्त्रियांच्या निवारागृहांत त्याने काही वर्षे स्वयंसेवक म्हणून काम केले आणि १९९३ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातून पुढे आलेल्या गोष्टी साध्या आहेत. दिवसभर कोठे बसावे? आपले गाठोडे कोठे ठेवावे? निवाऱ्याची वेळ आणि नोकरीची वेळ यांचा मेळ कसा घालावा? ज्या स्त्रीला सामान ठेवावयास जागा नाही, ती कामाला जाणार कशी? असे प्रश्न कोणत्याही छापील प्रश्नावलीत आधी नव्हते, कारण प्रश्नावली करणाऱ्यांच्या घरी कपाटे होती. लिबोने आणखी एक गोष्ट केली. आपल्या लिखाणावर त्या निवाऱ्यांतील दोन स्त्रियांचे व एका संचालकांचे अभिप्राय घेऊन ते ग्रंथातच तळटीपांत छापले. ज्यांच्याविषयी लिहावयाचे त्यांना बोलू देणे, ही या पद्धतीची कसोटी आहे.

छापील रकान्यांतून काय गळते, ते आपल्याच जनगणनेच्या पत्रकावरून पाहू. २०११ च्या पत्रकात स्थलांतराच्या कारणांसाठी काम, व्यवसाय, शिक्षण, विवाह, जन्मानंतर स्थलांतर, कुटुंबाबरोबर स्थलांतर आणि इतर असे पर्याय होते. लग्न होऊन परगावी आलेली आणि पुढे मारहाणीला कंटाळून घराबाहेर पडलेली स्त्री यात कोठे बसेल? ती ‘विवाह’ या रकान्यात बसेल, नाही तर ‘इतर’ या रकान्यात. पत्रक खोटे नाही. पण तिची हकिकत त्यात मावत नाही. तशा शंभर स्त्रिया एका शहरात असतील, तर तेथे रात्र निवारा पुरेसा नाही, स्त्रियांसाठी स्वतंत्र व सुरक्षित आश्रयगृह हवे, हे त्या रकान्यावरून कधीच कळणार नाही.

रिकाम्या खाटांचेही असेच आहे. नोंदवहीत ‘क्षमता ५०, उपस्थिती २०’ एवढेच दिसते. त्यावरून, लोकांना गरज नाही, निवारा बंद करावा, असा शेरा मारणे सोपे आहे. बाहेर झोपलेल्यांना विचारावे, तर निरनिराळी कारणे निघतात. नवरा एकीकडे व बायको-मुले दुसरीकडे ठेवावी लागतात. हातगाडी बाहेर ठेवली तर चोरीला जाते. पहाटे बाजारात हमालीला जावयाचे असते आणि दार उशिरा उघडते. निवारा कामाच्या ठिकाणापासून दूर आहे. यांतील एकेक कारण दूर करण्याचा खर्च नवीन इमारतीच्या मानाने किती थोडा आहे, याचा विचार करावा.

दोन्ही एकत्र आल्या तर

मोजणी आणि विचारपूस एका हाताने केल्याचा मोठा दाखला मुंबईत आहे. ‘पदपथावरील लोक’ हा विषय तेथे जुना. टाटा समाजविज्ञान संस्थेने पी. रामचंद्रन यांचा मुंबईतील पदपथवासीयांवरील अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध केला होता. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे न्यायालयाने मान्य केले. मात्र रीतसर सूचना देऊन पदपथ मोकळे करण्याचा महापालिकेचा अधिकारही कायम ठेवला. हजारो कुटुंबांवर टांगती तलवार होती.

त्याच वर्षी ‘स्पार्क’ या संस्थेने भायखळ्याच्या परिसरातील पदपथवासीयांची गणना केली. सुमारे ६ हजार कुटुंबांची माहिती गोळा झाली. या कामाचे वैशिष्ट्य असे की, पदपथावर राहणाऱ्या स्त्रियाच त्यात सहभागी होत्या. कोणत्या झोपडीत दोन चुली आहेत, कोण कामासाठी बाहेर आहे, कोण खरे सांगत नाही, हे त्यांना ठाऊक होते. तोपर्यंत समज असा होता की, ही माणसे कालपरवा आलेली, भटकी आणि बेकार असतात. पाहणीतून दिसले ते वेगळे. ही कुटुंबवत्सल, कष्ट करणारी माणसे होती. पुष्कळ जण वर्षानुवर्षे तेथे राहत होते. आणि कामाला पायी जाता यावे म्हणून त्यांनी ती जागा धरली होती. बसभाड्याला पैसे नसलेल्या माणसाला शहराबाहेर जागा दिली, तर तो पुन्हा पदपथावर का येतो, याचा उलगडा यातून झाला. आकड्याने त्यांचे अस्तित्व सिद्ध केले आणि हकिकतीने त्यांचे कारण सांगितले. आकडा नसता, तर ही करुण कहाणी म्हणून बाजूला ठेवली गेली असती. हकिकत नसती, तर तो आकडा अतिक्रमणांच्या यादीत जमा झाला असता.

येथे दोन्ही पद्धतींचे दोषही स्पष्ट बोलून दाखविले पाहिजेत. मोजणी मोठे क्षेत्र व्यापते, पण माणूस तिच्यात पुसट होतो. व्याख्या चुकली तर चूक लाखांनी गुणली जाते. विचारपूस खोल जाते, पण ती थोड्यांचीच होते. वीस जणांच्या मुलाखतींवरून ‘निम्मे बेघर असे असतात’ असे म्हणता येत नाही. शिवाय विचारणाऱ्याचा स्वतःचा कल उत्तरांत उतरण्याचा धोका असतो. ‘किती?’ या प्रश्नाला हकिकतीने उत्तर देऊ नये आणि ‘का?’ या प्रश्नाला नुसत्या आकड्याने उत्तर देऊ नये. श्रेष्ठ कोणती, असा वाद घालण्यापेक्षा आपला प्रश्न कोणता, हे आधी ठरवावे.

आपण काय करावे?

आता कामाच्या गोष्टीकडे येतो. २०२१ ची जनगणना होऊ शकली नाही. म्हणून अनेक ठिकाणी २०११ च्याच आकड्यांचा आधार घ्यावा लागला. २०२७ च्या जनगणनेची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली आणि देशाच्या बहुतेक भागासाठी १ मार्च २०२७ चा आरंभ हा संदर्भक्षण ठरविण्यात आला. एका रात्रीत निसटलेला माणूस पुढील दहा वर्षे कागदावर नसतो, हे ध्यानात ठेवून माझ्या काही सूचना आहेत.

शिक्षकांसाठी : आपल्या गटातील बेघरांच्या झोपण्याच्या जागा मोजणीच्या रात्री शोधावयास निघू नका. आठ-पंधरा दिवस आधी चहाच्या गाडीवाल्याला, रेल्वेच्या हमालाला, देवळाच्या पुजाऱ्याला, चर्चच्या व मशिदीच्या सेवकाला विचारून कच्चा नकाशा करा. स्त्रिया कोठे झोपतात, हे स्त्रीनेच विचारावे. झोपलेल्या माणसाच्या तोंडावर विजेरी मारू नये. प्रथम आपण कोण व कशासाठी आलो ते सांगावे. त्याच्या परवानगीवाचून छायाचित्र घेऊ नये. आणि जे आपल्या हाती नाही, त्याचे आश्वासन देऊ नये.

अधिकाऱ्यांसाठी : प्रत्येक निवाऱ्यात हजेरीवही अशी ठेवा की, तीवरून वर्षभरात किती निरनिराळी माणसे आली आणि प्रत्येक जण किती रात्री राहिला हे काढता येईल. खाटा रिकाम्या असतील, तर शेरा मारण्यापूर्वी बाहेर झोपलेल्या दहा-वीस जणांना कारण विचारण्यास सांगा. प्रस्तावाबरोबर आकड्यांचे कोष्टक जोडता, तसे या विचारपुशीचे दोन पानांचे टिपणही जोडा.

ग्रामस्थांसाठी : गावात कोणी बेघर नाही, असे सहज बोलले जाते. २०११ मध्ये देशाच्या ग्रामीण भागात ८ लाखांहून अधिक बेघर होते, हे आपण आताच पाहिले. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागासाठी २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जातनिहाय गणनेचा आधार घेण्यात आला आणि निवारा नसलेली कुटुंबे तीत आपोआप पात्र धरली गेली. परंतु त्या यादीची पडताळणी ग्रामसभेत व्हावयाची होती. यादी ही मोजणी आहे. ग्रामसभा ही विचारपूस आहे. पडवीत राहणारी विधवा, गोठ्यात झोपणारा गडी, पाल ठोकून गावाबाहेर उतरलेले भटके कुटुंब यांची नावे यादीत आहेत की नाहीत, हे तालुक्याच्या कचेरीतील कोणत्याही यंत्रापेक्षा आपल्याला अधिक ठाऊक असते. ज्याला सभेत उभे राहून बोलण्याचे धैर्य नाही, त्याच्यासाठी शेजाऱ्याने उभे राहावे.

क्रम लक्षात ठेवावयाचा तो इतकाच. आधी ऐकावे, म्हणजे कोणाला मोजावयाचे ते कळते. मग मोजावे, म्हणजे प्रश्न केवढा आहे ते कळते. मोजून झाल्यावर पुन्हा ऐकावयास जावे, म्हणजे केलेला उपाय लागू पडला की नाही ते कळते. या तिसऱ्या फेरीला बहुधा कोणी जात नाही. निवाऱ्याचे उद्घाटन झाले की कागद बंद होतात. परंतु त्या निवाऱ्यात रात्री कोण येतो, आणि समोरच्या दुकानाच्या फळीवर अजून कोण झोपतो, हे पाहिल्याखेरीज आपले काम पुरे झाले असे समजू नये.

 आपल्या तालुक्यातील अडचणी आता प्रश्नोत्तरांत मांडाव्यात. त्यांतून मलाही शिकावयास मिळेल.